फोरमन आणि येडी डबी

८ डिसेंबर, सोमवार

गेली! पुन्हा गेली! आठवड्यातली तिसरी वेळ.

बडनेरा स्टेशनवर मित्रांबरोबर चहा पिऊन सव्वाचारला घरी आलो, तर संध्या शिलाई मशीनपुढे हाताची घडी घालून बसलेली. मशीनची मोटार बंद, फ्रीज बंद, मांडीवर अर्धं शिवलेलं ब्लाऊज. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आले का लाईनवाले? पाहा बरं, तुमची लाईन कुठं फिराले गेली ते."

शेजारी चंद्रभानकडे टीव्ही चालू. समोरच्यांकडे मिक्सर चालू. फक्त आमच्याकडे सामसूम. म्हणजे मेन बोर्डातली ईएलसीबी पडली. घर बांधलं तेव्हा ही डबी मीच हौसेनं बसवली होती. घरात कुठं करंट गळायला लागला, की पापणी लवायच्या आत ही सगळ्या घराची लाईन तोडते आणि माणूस वाचतो. गल्लीतली पहिली ईएलसीबी माझी! सहा वर्षं एकदाही पडली नाही. गेल्या बुधवारी थंडी वाढली म्हणून मुलीच्या, प्रियाच्या फिशटँकात हीटर टाकला, आणि तेव्हापासून हिला काय झालंय कोण जाणे.

छत्तीस वर्षं रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर होतो. हजारो डब्यांतले पंखे फिरवले, दिवे लावले. आणि आता घरी बायको विचारते लाईन कुठे गेली!

खटका वर केला. लाईट आली. "आता किती वेळ राहीन?" संध्या म्हणाली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

९ डिसेंबर, मंगळवार

आज शास्त्रशुद्ध तपासणी.

आधी टँकबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. मुलगी प्रियदर्शनी अकोल्याला नर्स आहे. दिवाळीनंतर तिनं खोली बदलली. नवा घरमालक म्हणाला, मासा चालेल, पण एवढं पाणी माझ्या स्लॅबवर नको. मग टेम्पोत घालून चार फुटांचा टँक, लोखंडी स्टँड आणि आत एकच मासा, अशी सगळी वरात बडनेऱ्याला आली. ऑस्कर जातीचा आहे म्हणे. तळहातापेक्षा मोठा, काळा, अंगावर नारिंगी डाग. प्रिया त्याला "कुकी" म्हणायची. मी पहिल्याच दिवशी नाव बदललं. खालचा जबडा पुढे, डोळे वटारलेले, आणि समोरच्याचं कुठलंच काम पसंत नाही असा चेहरा — हुबेहूब आमचे फोरमन नत्थुजी! म्हणून हा फोरमन.

तर तपासणी. सगळं बंद केलं. मग एकेक चालू केलं. फिल्टर — ठीक. बल्ब — ठीक. हीटर — ठीक. तिन्ही एकदम — ठीक. अर्धा तास समोर बसलो, डबी जागची हलली नाही. डबीवर तपासायचं छोटं बटन असतं, ते दाबलं. पडली. म्हणजे बटन दाबलं तर पडते आणि नाही दाबलं तरी पडते. याला काय म्हणायचं?

शेवटी पाणी पाहिलं. उलट्या हातानं. टेस्टर बुचकळत बसणं शिकाऊ लोकांना शोभतं, मुरलेला फिटर हाताची पाठ टेकवतो. काही नाही! पाणी साफ. चप्पल अर्थातच पायात होती. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी टाकायचं तर आधी चप्पल घाल, हे आईनं धपाटे घालून शिकवलेलं असतं. इथं कोणता कूलर झटका देत नाही? टँकपाशीही मी एक रबरी जोड कायमचा ठेवला आहे.

त्यावरून संध्या हसली. "हा काय कूलर हाय? त्यात जिता मासा फिरून राहिला. करंट असता तं तोच पयले मेला नसता?"

बिनतोड! मुद्दा मला सुचायला हवा होता. मासा जिवंत, म्हणजे पाण्यात करंट नाही. नोंद केली.

१० डिसेंबर, बुधवार

आज नाही पडली. मी दिवसभर घरीच होतो. डबीला कळतं वाटतं कोण घरात आहे ते.

११ डिसेंबर, गुरुवार

स्टेशनवर गेलो. पडली!

आता प्रकरण हाताबाहेर. लग्नसराई आहे, संध्याकडे ब्लाऊजांचा ढीग आहे. गिऱ्हाईक बाई दारात उभी आणि बाही मशीनमध्ये अडकलेली. ती गेल्यावर संध्यानं निकाल दिला. एकवीस तारखेच्या रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर फोरमन रागिणीकडे. रागिणी म्हणजे प्रियाची मैत्रीण, अमरावतीत दातांचा दवाखाना आहे. तिला पेशंट बसतात तिथं ठेवायला फिशटँक हवाच आहे. रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली.

मी म्हटलं, "दाताच्या डॉक्टरकडे? दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकत राहायचं त्यानं?"

"मंग तुमी लाईन दुरुस्त करा. फिटर व्हते ना!"

"व्हते" म्हणाली. भूतकाळात! जेवण गेलं नाही मला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पडली. मी घरात नव्हतो.

फोरमन संध्याकाळी दाणे खात नाही. तोंड फिरवतो. त्यालाही ताण आला असेल.

१३ डिसेंबर, शनिवार

संशय चंद्रभानवर. त्याची बोअरची मोटार जुनी आहे, सुरू होताना आमचे दिवे मिचमिचतात. भिंतीवरून हाक मारली. म्हटलं, "तुमी दुपारी मोटार चालू करता काय?" तो म्हणाला, "माही मोटार दिवाळीपासून जळून पडली हाय. तुमीच म्हनले होते ना, दोन दिवसात करून देतो?"

विसरलोच होतो. घरात आलो. मागून तो अजून बोलतच होता.

१५ डिसेंबर, सोमवार

कामाला शिस्त हवी. कॅलेंडरच्या मागे तक्ता केला. कधी पडली, हवा कशी होती, टँकात काय चालू होतं, आणि मी कुठं होतो. आजवर सात वेळा. सगळ्या वेळा दुपारी तीन ते चारच्या मधल्या. सातही वेळा हवा कोरडी. सातही वेळा मी स्टेशनवर!

यावरून तीन शक्यता निघतात. एक, दुपारी तीनला वरून व्होल्टेज वाढून येतं. दोन, बोर्डात पाल आहे आणि ती वेळेची पक्की आहे. तीन, डबी येडी आहे.

संध्याला तक्ता दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "चार नंबर लिवा — तुमी स्टेशनवर जानं बंद करा."

१६ डिसेंबर, मंगळवार

म्हटलं ठीक आहे! आज गेलोच नाही. दुपारी अडीचपासून टँकसमोर खुर्ची टाकून बसलो. पायात चप्पल, हातात टेस्टर (शोभेला), मांडीवर तक्ता.

तीन वाजले. काही नाही. साडेतीन. काही नाही. संध्या दोनदा येऊन डोकावून गेली. "जात नाही काय आज? मित्र वाट पाहत असतीन." मी म्हटलं, आज फॉल्ट पकडायचाच. ती म्हणाली, "थंडीत तेवढंच चालनं होते हो, जा ना." मी हललो नाही. चार. साडेचार. फोरमन काचेला नाक लावून कधी माझ्याकडे बघायचा, कधी मशीनच्या खोलीच्या दाराकडे. पाच वाजता डोळा लागला.

नाही पडली. तक्त्यात लिहिलं — मी समोर असताना फॉल्ट येत नाही. छत्तीस वर्षांचा अनुभवही हेच सांगतो. साहेब बघायला आले की बिघडलेला पंखा भिंगरीसारखा फिरतो.

१७ डिसेंबर, बुधवार

स्टेशनवर गेलो, पडली. आठ.

आज चिडलो नाही, का ते माहीत नाही. खटका वर केला आणि टँकसमोर बसून राहिलो.

खरं सांगायचं तर मासा पाळणं हा मला पोरखेळ वाटायचा. प्रियानं आणला तेव्हा मी म्हटलं होतं, आठ दिवसांत मरेल. पण रिटायर झाल्यापासून मी घरात कुठंही गेलो तरी कोणाच्या तरी कामात असतो. स्वयंपाकघरात गेलो की "काय पायजे?" मशीनच्या खोलीत गेलो की "सुया हायेत खाली, सांभाळा." आणि हा फोरमन, मी दारातून आत आलो की तळातून उसळून काचेपाशी येतो. शेपटी हलवतो. बोट डावीकडे नेलं की डावीकडे, उजवीकडे नेलं की उजवीकडे. छत्तीस वर्षांत माझ्या येण्याचा एवढा आनंद स्टेशनवर कुणाला झाला नव्हता.

त्याला जाऊ द्यायचं नाही. काही झालं तरी नाही. लिहून ठेवतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

नऊ!!

निर्णय झाला. मासा जिवंत. पाणी साफ. वायरिंग माझ्या हातचं, त्यात खोट निघणं शक्य नाही. उरली कोण? डबी. डबी येडी झाली आहे. उद्या तिला मधून काढतो आणि लाईन डायरेक्ट जोडतो. पाच मिनिटांचं काम. डबीच नाही म्हटल्यावर पडणार काय? डोंबल!

प्रियाला फोनवर सहज विचारलं, डबी काढली तर? ती ओरडली, "बाबा, बिलकुल नाही हं!" नर्स आहे ती. तिला इंजेक्शनचं कळतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

साडेदहाला केलं डायरेक्ट. संध्या आत कणीक मळत होती. मेन बंद, दोन वायरी सोडवल्या, जोडल्या, टेप मारली, मेन चालू. तिला फक्त म्हटलं, "डबी दुरुस्त केली." खोटं नाही. माझ्या दृष्टीनं हीच दुरुस्ती.

टँकाचं पाणी पुन्हा उलट्या हातानं पाहिलं. गार नाही, गरम नाही, करंट नाही. फोरमननं माझ्या नखाला तोंड लावून पाहिलं.

अकराला प्रियाचा फोन. संध्या उद्या अकोल्याला जाणार होती तिच्याकडे, दोन दिवस राहून नव्या खोलीचं सामान लावून द्यायला. प्रिया म्हणाली, "आई, उद्या मले ड्यूटी लागली, तू आजच ये." मग धावपळ. भाकरी बांधून घेतल्या, शिवलेली ब्लाऊजं पिशवीत भरली आणि एकच्या गाडीनं गेली. मी पोचवायला स्टेशनवर गेलो. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "उपाशी ठेवू नका बरं!" मी म्हटलं, मी खातो ना वेळेवर. गाडी सुटली.

दुपार गेली. पडली नाही. पडायला आहे काय!

२० डिसेंबर, शनिवार

आज खूप लिहायचं आहे. लाज वाटते, तरी लिहितो.

तीन वाजता दारात नत्थुजी! खरे नत्थुजी, फोरमन साहेब. वय पंचाहत्तर, पण ताठ. काठी हातात, पण टेकत नाहीत, तिनं नुसतं दाखवतात. मी काल चहाला गेलो नाही हे त्यांना कळलं. म्हणाले, "जिता हायेस का पाह्याले आलो."

बसवलं. चहा ठेवला. तेवढ्यात प्रियाचा फोन. हात ओले होते म्हणून मी फोन टेबलावरच स्पीकरवर ठेवला. हीच चूक.

"बाबा, फोरमन कसा आहे?"

नत्थुजी कप तोंडाजवळ नेता नेता थांबले. "मी बरा हाय," मला म्हणाले. "हे कोन?"

"जास्त खाऊ घालू नका त्याला. फार हावरा आहे. फुगला की उलटा होतो."

नत्थुजींनी हातातलं बिस्कीट हळूच बशीत परत ठेवलं.

"आणि बाबा, त्याच्या अंगावर कुठं पांढरं दिसलं तर लगेच सांगा हं, तो रोग असतो."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मिशी पांढरीशुभ्र. मी फोनवर झडप घातली. पण मग दाखवावंच लागलं. टँकसमोर नेलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, तोच जबडा, तेच डोळे. कोणीच पापणी लववेना.

"हे नाव माह्यावरून ठेवलं?"

"नाही साहेब. पदावरून."

ते काचेजवळ वाकले. मग म्हणाले, "तब्येत चांगली हाय याची." सुटलो असं वाटलं. पण माणूस फोरमन तो फोरमनच. नजर गेली बोर्डाकडे. झाकण मी उघडंच ठेवलं होतं. चष्मा वर केला, खाली केला, आणि काठीनं त्या टेपकडे दाखवलं. "हे कोनं केलं?"

मी सगळं सांगितलं. डबी येडी, तक्ता, नऊ वेळा, मासा जिवंत. त्यांनी मध्ये एकही शब्द टाकला नाही. नोकरीत ते असे गप्प बसायचे तेव्हा पुढे मेमो यायचा.

"पानी पाह्यलं?"

"पाहिलं. उलट्या हातानं. दोनदा."

"पायात काय होतं?"

मी खाली बघितलं. तेही खाली बघत होते. माझ्या पायात टँकजवळचा रबरी जोड. चांगला जाड तळाचा, नवा.

"अरे देवमन," ते म्हणाले, "रबरावर उभा राहून तू वीज शोधून राहिला? अठ्ठ्याऐंशी साली तुले टेस्टर देला होता मी. कुठं हाय तो?"

टेस्टर आणला. त्यांनीच पाण्यात टोक बुडवलं. आतला दिवा लालभडक पेटला! फोरमन, म्हणजे मासा, त्याच्या बाजूनं आरामात निघून गेला.

मी म्हणालो, "मंग हा कसा नाही मेला?"

"तो सगळाच पान्यात हाय ना बाबू. तारेवरचा कावळा मरते काय? पानी काचेत हाय, करंटाले खाली जाले रस्ता नाही. माणसानं एक हात पान्यात टाकला अन् उघडा पाय फरशीवर ठेवला, का रस्ता झाला. त्याच्यासाठी तं ते डबी असते. अन् तू तेच काढून टाकली!"

मेन बंद केली. हीटर बाहेर काढला. वरच्या रबरी टोपीखाली काचेला केसाएवढी चीर. उजेडात धरल्यावरच दिसली. नऊ वेळा डबी ओरडून हेच सांगत होती आणि मी तिला येडी म्हणत होतो.

मग त्यांनी उभं राहून माझ्याकडून डबी परत बसवून घेतली. वायर सोलताना दोनदा "नीट!" म्हणाले. बटन दाबून दाखवायला लावलं. त्यानंतर काठी माझ्या छातीला टेकवून म्हणाले, "म्हन — मी डायरेक्ट कधी जोडनार नाही." साठाव्या वर्षी मी हे तीनदा म्हटलं. मोठ्यानं. खिडकीत चंद्रभान होता.

जाताना मी विचारलं, "पण साहेब, डबी दुपारीच काहून पडे?"

"कोनीतरी जमिनीवर उभं राहून पान्याले हात लावत असन."

"घरात आम्ही दोघंच. मी चपलीत. अन् संध्या तर त्याच्याकडं ढुंकून पाहत नाही, त्याला हाकलायला निघाली आहे."

विचार करून म्हणाले, "मंग मांजर असन."

मांजर! नक्कीच! चंद्रभानकडची बोकी. तीनच्या सुमाराला आमच्याकडे फिरते खरी. तक्त्यात लिहिलं.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळीच अमरावतीला जाऊन चांगला हीटर आणला. बसवला, टेस्टरनं पाहिलं. दिवा नाही. मग चपला काढून पाहावं असं वाटलं, पण नत्थुजींचा आवाज कानात आला, राहू दिलं.

संध्या दुपारी अकोल्याहून आली. तिला एवढंच सांगितलं — हीटर खराब होता, बदलला. डायरेक्टचं, चपलीचं, काही सांगितलं नाही. "व्हते" ऐकून झालंय, आणखी काय ऐकायचं? पाण्यात करंट होता हेही सांगितलं नाही. तिनं लगेच विचारलं असतं, मग तुमी काय पाहत होते?

पाच वाजता रागिणी गाडी घेऊन दारात. मी टँकाच्या आडवा उभा राहिलो. आणि संध्या पुढे होऊन म्हणते, "राहू दे वो पोरी. आता नाही पडत म्हनतात हे. अन् तुह्याकडं त्याले करमनार नाही." रागिणी रिकामी परत गेली. दहा दिवस हाकला हाकला करत होती हीच बाई!

माझी दया आली असेल. कधी कधी फार चांगली वागते.

२३ डिसेंबर, मंगळवार

स्टेशनवर जाऊन आलो. नाही पडली. काल पण नाही.

टँकावर नवी जाळी टाकली, मांजरीसाठी. संध्या म्हणाली, "काढा ते, अडचन होते." कसली अडचण, विचारलं. तर म्हणाली, "पुसाले."

२५ डिसेंबर, गुरुवार

बोकीवर पाळत. नत्थुजीही आले होते मदतीला, दोन खुर्च्या टाकून बसलो. तीन वाजून दहा मिनिटांनी ती आली. टँकाकडे बघितलं. फोरमननं जबडा पुढे काढून तिच्याकडे बघितलं. बोकी आल्या पावली परत गेली.

नत्थुजी म्हणाले, "हे मांजर नसन गड्या." मग स्वतःच म्हणाले, "दुसरं असन."

नत्थुजींनी आज त्याला दाणे घातले. घरी जाताना म्हणाले, नाव राहू दे.

२७ डिसेंबर, शनिवार

आठ दिवस झाले. एकदाही नाही. तक्ता फाडून टाकला. संध्याची ब्लाऊजं वेळेवर चालली आहेत. चंद्रभानची मोटार उघडून बसलो आहे. जुनी सवय हातात परत येते आहे. दोन दिवसात करून देतो म्हटलं.

२९ डिसेंबर, सोमवार

स्टेशनच्या अर्ध्या वाटेवरून परत आलो, चष्मा राहिला होता. दार लोटलेलं. संध्या टँकसमोर. जाळी बाजूला काढलेली, बाही कोपरापर्यंत वर, हात पाण्यात. फरशीवर अनवाणी. फोरमन तिच्या बोटातले सोललेले मटार खात होता.

मला पाहून लाजली. मग हसली. "आता चावत नाही हो हा. आधी लय चावे! हात घातला का कोपरापर्यंत झिनझिन्या. मी म्हनलं, नवा हाय बिचारा, माणसाची सवय नाही."

"कधीपासून चारतेस?"

"थंडी पडली तवापासून. दुपारी, तुमी गेले का. तुमाले कशाले सांगू, तुमी हसले असते."

मी डबी काढली त्या शुक्रवारी दुपारी ती घरीच राहणार होती. प्रियाची ड्यूटी बदलली म्हणून एकच्या गाडीनं गेली.

मी तिथंच खाली बसलो. हात पुसत जवळ आली आणि म्हणाली, "काय झालं? तुमाले बी चावला काय?"